बोडक्या विहिरीचे अक्षांश-रेखांश

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या कार्यालयाचं मुख्य काम विहिरींचं पाणी मोजण्याचं होतं. वर्धा जिल्ह्यातल्या ठरावीक विहिरींवर वर्षातून चार वेळा जायचं, टेप खाली सोडायची, पाणी किती खोल आहे ते लिहायचं आणि परत यायचं. आमचं वर्ध्यात धान्याचं दुकान. मोठा भाऊ दुकानात बसला आणि मी विज्ञानाची पदवी घेऊन सरकारी नोकरीत गेलो. वडील गिऱ्हाइकांना सांगायचे, "लहाना दिवसभर विहिरीत डोकावते अन् महिन्याले पगार घेते." त्यात थोडी थट्टा होती, थोडं कौतुकही होतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे पहिलं जीपीएस यंत्र आलं. टेलिफोनच्या रिसीव्हरहून थोडं जाड, करड्या रंगाचं, वर बोटाएवढा अँटेना. आत चार सेल घालायचे. नागपूरहून एक प्रशिक्षक आले आणि त्यांनी दोन दिवस आम्हाला शिकवलं. यंत्र उघड्या आकाशाखाली धरायचं, हलायचं नाही, निदान चार उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं. मग पडद्यावर अक्षांश आणि रेखांश उमटतात. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे आकाशातून कळतं, ही गोष्ट मला फार मोठी वाटली होती. त्याआधी विहिरीची जागा म्हणजे गट क्रमांक आणि "गावाच्या उत्तरेस, नाल्यालगत" असं काहीतरी.

प्रशिक्षकांनी जाताजाता एक गोष्ट सांगितली. हे उपग्रह ज्या देशाचे आहेत तो देश आपल्या लष्करासाठी नेमका संकेत राखून ठेवतो आणि बाकी जगाला मुद्दाम थोडा बिघडवलेला देतो. म्हणून आकडा पन्नास-शंभर मीटर इकडेतिकडे होऊ शकतो. मी त्याच आठवड्यात कार्यालयाच्या गच्चीवर यंत्र एका जागी ठेवून दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत बसलो. यंत्र तिथंच होतं, मी तिथंच होतो, पण आकडे कधी रस्त्यापलीकडच्या पानठेल्यावर जात होते, कधी मागच्या शाळेच्या मैदानात. मी ते सगळे बिंदू आलेखाच्या कागदावर मांडले आणि साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, "ठीक आहे. जिल्ह्याच्या नकाशावर शंभर मीटर म्हणजे किती? पेन्सिलीच्या टोकाएवढं." ते चूक बोलत नव्हते. त्या वेळी कुणालाच वाटलं नव्हतं की हे आकडे नकाशाशिवाय दुसऱ्या कुठल्या कामाला लागतील.

त्याच वर्षी वरून आदेश आला. जिल्ह्यातल्या निवडक गावांमधल्या सगळ्या विहिरींची यादी करायची, वापरातल्या आणि पडीक दोन्ही, आणि प्रत्येकीपुढे अक्षांश-रेखांश लिहायचे. आम्ही तिघांनी तालुके वाटून घेतले. आर्वी माझ्याकडे आला. सकाळी जीप निघायची. आंजी मागे टाकली की रस्त्याला दोन्हीकडे कपाशी आणि तूर लागायची. जीप मला रोहण्यापर्यंत सोडायची आणि पुढची गावं मी पायी किंवा कुणाच्या बैलगाडीत करायचो.

रोहण्याच्या पलीकडे एक लहान गाव आहे. तिथले कोतवाल माझ्यासोबत फिरले. पन्नाशीचे, उंच, पायात टायरच्या चपला. बौद्ध वस्तीत त्यांचं घर होतं. शेतसाऱ्याच्या नोटिशीपासून निवडणुकीच्या पेटीपर्यंत गावातलं प्रत्येक सरकारी काम त्यांच्या हातून जायचं, त्यामुळे कोणाचं वावर कुठं संपतं आणि कोणाचा धुरा, म्हणजे बांध, कुठं सुरू होतो हे त्यांना तोंडपाठ होतं. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला साहेब म्हणायचे. माझं वय तेव्हा सव्वीस.

दुपारी त्यांनी मला पांदणीपासून, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेपासून, आत नेलं. गुडघाभर गवत होतं. एका ठिकाणी त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

"पाय जपून टाकजा साहेब. इथं बोडकी विहीर हाये."

मला काही दिसलं नाही. त्यांनी काठीनं गवत बाजूला केलं तेव्हा पाच-सहा पावलांवर काळं तोंड दिसलं. विहिरीला कठडा नव्हता. बोअरवेल आल्यावर ही विहीर आटली, मग लोकांनी घरं बांधायला कठड्याचे दगड काढून नेले. म्हणून तिचं नाव बोडकी. काकांनी खडा टाकला. बऱ्याच वेळानं चिखलात पडल्याचा आवाज आला.

मी यंत्र काढलं आणि उभा राहिलो. काका शेजारी उभे होते.

"हे काय सांगून राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"आपण नेमके कुठे उभे आहोत ते."

"ते तं मले माहीत हाये." ते थोडं हसले. मग म्हणाले, "चुकत नाई का?"

"थोडं इकडंतिकडं होतं."

"थोडं म्हंजे किती?"

"शंभर मीटरपर्यंत."

त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. "शंभर मीटरमंधी तं इथं तीन वावरं येतेत, साहेब. मंग खूण लिहून घ्या. हा निंब हाये ना, त्याच्यापासून उगवतीकडे छप्पन पावलं. माह्यी पावलं, तुमची नाई."

त्यांनी ती पावलं मोजून दाखवली. मी ते माझ्या खिशातल्या वहीत लिहून घेतलं, त्यांचं मन राखायला म्हणून. सरकारी तक्त्यात खुणेसाठी रकाना नव्हता. चूक किती असू शकते, त्यासाठीही नव्हता. अक्षांश: अंश, मिनिटं, सेकंद. रेखांश: अंश, मिनिटं, सेकंद. मी सेकंदांपुढे एक दशांशही लिहिला, कारण पडद्यावर तो दिसत होता. एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण तीस मीटर. दशांश लिहिला की वाचणाऱ्याला वाटतं, लिहिणाऱ्याची तीन मीटरपर्यंत खात्री आहे. माझी तशी खात्री नव्हती, आणि मी दशांश लिहिला. तालुक्यातल्या शंभरावर विहिरींपुढे मी तसाच आकडा लिहिला.

सन २००० च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रात आतल्या पानावर लहानशी बातमी आली की उपग्रहांचा तो मुद्दाम केलेला बिघाड बंद झाला आहे. मी सेल विकत आणले आणि गच्चीवर गेलो. एक तासभर आकडे लिहिले. या वेळी सगळे बिंदू गच्चीच्या आतच राहिले. मला खूप आनंद झाला. त्या आनंदात खाली उतरताना जिन्यात मला पहिल्यांदा लख्ख कळलं की आता आधीची सगळी यादी चुकीची आहे. चुकीची ती आधीही होती, पण तोवर तिच्याशी ताडून पाहायला दुसरं काही नव्हतं.

मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "सर, जुनी यादी पुन्हा मोजायला हवी."

साहेब म्हणाले, "यादी वरती गेली. ती आता आपली राहिली नाही. पुन्हा मोजायला जीप कुठून आणू?"

मी "बरं" म्हणालो. लेखी काही दिलं नाही. त्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं, बोरगाव मेघेला घर बघत होतो, आणि पुन्हा उन्हातान्हात तीन महिने फिरायचं टळलं म्हणून मला सुटल्यासारखंही वाटलं. हे मी इतक्या वर्षांनी लिहितो आहे, पण तेव्हाच मला ते जाणवलं होतं.

चार वर्षं गेली. यादी कुठल्यातरी संगणकात गेली आणि तिथून परत आली. शेजारच्या एका तालुक्यात पडीक विहिरीत जनावरं पडली, एक म्हातारा पडून मेला. त्यावर ठरलं की वापरात नसलेल्या सगळ्या विहिरींवर लोखंडी जाळ्या बसवायच्या. कंत्राटदाराला आमची यादी देण्यात आली. त्याच्या माणसांकडे नवं यंत्र होतं, माझ्या जुन्या यंत्राच्या निम्म्या आकाराचं आणि पाच-सात मीटरपर्यंत अचूक. त्यात आकडे भरायचे, बाणाच्या दिशेनं चालायचं, यंत्र वाजलं की थांबायचं. गावात कुणाला विचारायची गरज राहिली नव्हती.

काम झाल्यावर त्यांचा अहवाल आमच्याकडे आला. आर्वीच्या भागाच्या शेवटच्या पानावर अकरा विहिरी होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा होता, "विहीर आढळली नाही." ते पान माझ्या टेबलावर आलं. अकराही विहिरी माझ्या यादीतल्या. बाकीच्या विहिरी कठडा लांबून दिसल्यामुळे त्यांना सापडल्या होत्या. त्यात रोहण्यापलीकडच्या त्या गावाचं नाव होतं. मी बराच वेळ ते पान हातात धरून बसलो. मग स्वतःला सांगितलं की चार-पाच वर्षांत शेतकऱ्यांनी विहिरी बुजवल्या असतील. तसं होतंही. लोक जुनी विहीर मुरूम टाकून बुजवतात आणि वर पेरतात. मी पान फाईलला लावलं आणि पुढे पाठवलं.

पोळा होऊन काही दिवस झाले होते. सकाळी कार्यालयात फोन आला. काका रोहण्याच्या एसटीडी बूथवरून बोलत होते. त्यांची कोतवालकी संपून वर्ष झालं होतं, पण माझा नंबर त्यांनी जपून ठेवला होता.

"साहेब, त्या बोडक्या विहिरीत काल एक बाई पडली."

मी विचारलं, "आहे का?"

"हाये. जिती हाये. वर्ध्याले नेलं दवाखान्यात." मग म्हणाले, "तुम्ही त्या विहिरीवर जाळी बसवणार होते ना? माणसं आलती म्हणे गावात. मंग काऊन नाई बसवली?"

 मी म्हणालो, "मी येतो."

मोटरसायकलवर गेलो. काय झालं ते काकांनी चालता चालता सांगितलं. बाई पस्तिशीची. नवरा मजुरीला जायचा, ती मजुरी करून चार बकऱ्या पाळायची. दुपारी बकऱ्या सोबत घेऊन त्यांच्यासाठी गवत कापायला गेली. संध्याकाळी बकऱ्या एकट्याच घरी आल्या. नवऱ्यानं नाल्याकडे शोधलं, पांदणीत शोधलं. गावातली तरणी माणसं टॉर्च घ्यायला निघाली होती. काका तेव्हा ओट्यावर बसले होते. बाई कोणत्या बाजूला गेली होती एवढंच त्यांनी विचारलं आणि उठून सरळ निंबाकडे गेले. गवतावर विळा पडलेला होता. वाकून हाक मारली तर खालून आवाज आला. दिवस मावळायच्या आत दोर आणि खाट लावून तिला वर काढलं. विहिरीत चिखल होता म्हणून ती वाचली, पण एका बाजूनं दगडावर आपटल्यामुळे मांडीचं हाड आणि खुबा मोडला होता. दुपारपासून ती हाका मारत होती. पांदणीवरून दोन बैलगाड्या गेल्या, पण गाडीच्या खडखडाटात कुणालाही काही ऐकू आलं नाही.

आम्ही विहिरीशी पोहोचलो. गवत पायांनी तुडवलं गेलं होतं, दोराच्या घासण्याच्या खुणा काठावर होत्या. मी नवं यंत्र सोबत आणलं होतं. ते धरून उभा राहिलो आणि आकडा घेतला. मग यादीतला माझा जुना आकडा भरला. यंत्रानं बाण दाखवला आणि अंतर दाखवलं: चौऱ्याहत्तर मीटर. मी बाणाच्या दिशेनं चालत गेलो. धुरा ओलांडला, दुसऱ्याच्या वावरात शिरलो. तुरीच्या ओळींमध्ये यंत्र वाजलं. तिथं काही नव्हतं. तूर कमरेएवढी होती आणि तिथून पाहिलं तर बोडकी विहीर दिसणं शक्यच नव्हतं. कंत्राटदाराची माणसं इथं उभी राहिली होती. त्यांच्या यंत्रानं त्यांना अगदी बरोबर जागी आणलं होतं. जागा मी चुकीची दिली होती.

काका धुऱ्यावर थांबले होते. परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, "निंबाचं लिहून घेतलतं ना तुम्ही?"

"माझ्या वहीत आहे."

"मंग त्याइले काऊन नाई देलं?"

मी म्हणालो, "फॉर्मात जागा नव्हती, काका." ते वळून पांदणीकडे चालू लागले. मला वाटलं, त्यांनी रागावून काही बोलायला हवं होतं.

दवाखान्यात मी दोनदा गेलो. पहिल्यांदा वॉर्डच्या दारातून परत आलो. दुसऱ्यांदा आत गेलो, तिचा नवरा खाली चटईवर बसला होता, तिच्या पायाला वजन लावलेलं होतं. मी सरकारी कार्यालयातून आलो एवढंच सांगितलं, बिस्किटाचा पुडा ठेवला आणि निघालो. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवायची. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही मला सांगून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

दिवाळीनंतर ती बाई घरी आली. तेव्हा मी गेलो. काका सोबत होते, पण ते बाहेरच थांबले. ती भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब केलेला, शेजारी काठी. नवरा कामावर गेला होता. तिची नणंद चुलीपाशी होती. मी खाली बसलो आणि सांगायला लागलो. यंत्र काय असतं, उपग्रह म्हणजे काय, संकेत कसा बिघडवलेला असायचा, हे सगळं. पाच मिनिटं बोललो असेन. ती ऐकत होती. मग तिनं मला मध्येच थांबवलं.

"भाऊ, मले ते आकाशातलं नाई समजत. तुम्ही काय सांगून राह्यले ते सांगा."

मी म्हणालो, "विहिरीची जागा मी चुकीची लिहिली होती. म्हणून जाळी बसली नाही."

"तुम्हाले माहीत होतं, चुकीची हाये म्हणून?"

"हो. नंतर कळलं होतं."

"कधी?"

"चार वर्षं झाली."

नणंदेनं मान वर केली. बाईनं पायावरची चादर सारखी केली. मला तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या. माफ केलं असतं तर बहुधा रडलो असतो. तिनं दोन्हीपैकी काही केलं नाही.

"अशा अजून किती हायेत?" तिनं विचारलं.

"विहिरी?"

"हो. तुम्ही चुकीच्या लिहिलेल्या."

"शंभरावर. जाळी न बसलेल्या अकरा. तुमची धरून."

"मंग इथं काऊन बसले?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माह्या पाय तं मोडला. तो काही तुमच्या बोलण्यानं जुळत नाई. त्या बाकीच्या पाहा ना. तिथंबी गवत कापाले कोनी जात असन."

मी उठलो. बाहेर काकांनी विचारलं, "काय म्हणे?" मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर म्हणे."

आमच्या कार्यालयात तोवर नव्या साहेब आल्या होत्या. पुण्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांच्यापुढे ते शेवटचं पान, माझी जुनी वही आणि गच्चीवरचा आलेख ठेवला. त्यांनी ते सगळं नीट पाहिलं.

"हे आधी का दिलं नाही?"

"तोंडी सांगितलं होतं मॅडम. एकदा."

"आता लेखी द्या. चूक काय होती, कधी लक्षात आली आणि तुम्ही काय केलं, सगळं लिहा. काय केलं नाही तेही लिहा."

मी दोन पानं लिहिली. त्यावर मला ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात लागली. पण त्याच कागदावर मॅडमनी पुन्हा मोजणीची परवानगीही घेतली. जीप मिळाली नाही. मोटरसायकल माझी होती.

तो सगळा हिवाळा मी आर्वी तालुक्यात फिरलो. आधी त्या अकरा विहिरी. प्रत्येक गावात आता मी यंत्राआधी माणूस शोधायचो. कुणी जुना सालदार, कुणी म्हातारी, कुणी धुऱ्यावर शेण वेचणारी बाई. काका त्यांच्या आजूबाजूच्या गावांत स्वतः आले. माझ्या वहीत ज्या विहिरींच्या खुणा होत्या त्या लवकर सापडल्या. पण वहीत सगळ्यांच्या खुणा नव्हत्या. ज्या गावात काकांसारखं कुणी आग्रह धरणारं भेटलं नव्हतं, तिथं मी फक्त आकडा घेऊन पुढे गेलो होतो.

त्या फिरण्यात मला कळलं की बिघडवलेला संकेत ही एकच भानगड नव्हती. एका चिंचेखालच्या विहिरीवर यंत्र अर्धा तास गप्प राहिलं, कारण झाडाच्या दाट पानांतून उपग्रह पोहोचत नव्हते. पुरेसे उपग्रह न मिळताही जुन्या यंत्रानं तिथं आकडा दिला होता आणि मी तो घेतला होता. एका गावात तर पाच विहिरी एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच अंतरानं सरकलेल्या निघाल्या, दीडशे मीटरवर. ते कोडं मला आठवडाभर सुटलं नाही. मग लक्षात आलं. आपले जुने सरकारी नकाशे पृथ्वीचा आकार एका तऱ्हेचा धरून काढले आहेत आणि उपग्रह दुसऱ्या तऱ्हेचा धरतात. यंत्रात दोन्हींतला एक निवडावा लागतो. त्या दिवशी कुणीतरी, बहुधा मीच, यंत्रातली ती निवड बदलली होती आणि मग पुन्हा जागेवर आणली होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे होते. कोणत्या आकाराच्या पृथ्वीवरचे, हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते खोटे ठरले.

अकरापैकी सात विहिरी उघड्या सापडल्या. त्यातल्या एकीच्या काठावर पाऊलवाट होती, शाळेत जाणाऱ्या मुलांची. ती पाहिल्यावर मी तिथंच बसून राहिलो. तीन विहिरी खरोखरच बुजवलेल्या निघाल्या, त्यांच्या मालकांनी दाखवल्या. उरलेल्या एकीचा पत्ता लागला नाही. शेत दोनदा विकलं गेलं होतं, जुना मालक अमरावतीकडे गेला होता, गावात कुणाला आठवत नव्हतं. मी माझ्या आकड्याभोवती दोनशे मीटर सगळीकडे चाललो, तीन वेगवेगळ्या दिवशी. आजही ती विहीर बुजवलेली आहे की नाही, मला माहीत नाही. नव्या मालकाला मी सांगून आलो आणि मॅडमना लेखी कळवलं.

नव्या यादीत मॅडमनी दोन रकाने वाढवले. एक खुणेचा, एक चुकीच्या अंदाजाचा. शंभराच्या वरच्या सगळ्या नोंदी मी त्या रकान्यांसह पुन्हा भरल्या. सेकंदांपुढचा दशांश जिथं खात्री होती तिथंच लिहिला.

बोडक्या विहिरीवर जाळी उन्हाळ्याच्या तोंडावर आली. कंत्राटदाराची माणसं ट्रॅक्टरमधून आली. काका होते, मी होतो. बाई काठीवर आली, सोबत नणंद. तिचा एक पाय कायमचा आखूड झाला होता. चार बकऱ्यांपैकी दोन उरल्या होत्या, त्या आता नणंद चारायला नेत होती. जाळी विहिरीवर चढवली, चारी बाजूंनी सिमेंट घातलं. बाई जवळ गेली आणि काठीचं टोक जाळीत घालून पाहिलं. काठी आत गेली आणि आडवी फिरलीही.

"याच्यात बकरीचा पाय जाईन," ती म्हणाली.

कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "बाई, मंजूर डिझाइन आहे हे."

"असन. पण पाय जाईन. अन् बकरी अडकली तं तिले काढाले माणूस याच्यावर चढन."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी जाळीचं छिद्र मोजलं. बकरीचा पाय सहज गेला असता, लहान पोराचाही गेला असता. मी काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली नाही. माणूस चिडला, पण कागद घेऊन गेला. काकांनी हिवराच्या काट्या तोडून जाळीवर पसरल्या आणि वर दगड ठेवले. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी या जाळीला आणि उरलेल्या सगळ्या जाळ्यांना आडव्या सळ्या वाढवायला लावल्या. त्याला काही आठवडे गेले.

सळ्या लावून झाल्या त्या दिवशी मी पुन्हा गेलो. जाळीवर स्वतः उभा राहिलो, मग सही केली. परतताना बाईच्या घरावरून गेलो. ती दारात बसून वाळलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होती.

"बसली का जाळी?" तिनं विचारलं.

"बसली. मी उभा राहून पाहिलं."

"पाय जाते का आत?"

"नाही जात."

तिनं मान हलवली. "मी उद्या पाहून येतो," ती म्हणाली, "हळूहळू जाईन." आणि पुढची शेंग उचलली.